घाम वाळेपर्यंत

व्यायाम संपला आहे. पळून आला असाल, सूर्यनमस्कार घातले असतील किंवा टेकडी चढून उतरला असाल. तहान असेल तर आधी दोन घोट पाणी घ्या. मग सावलीत बसा, पाठ सैल सोडा, आणि टॉवेल थोडा वेळ बाजूलाच राहू द्या.

डोळे मिटा. घाम कुठे कुठे आहे, ते शोधा. भुवयांवर अडलेला, मानेवर केसांच्या मुळांशी साचलेला. पाठीच्या पन्हळीतून एखादा ओघळ खाली निघाला असेल, त्याच्याबरोबर सावकाश उतरा. कुणाचा बनियन पिळून काढावा इतका भिजलेला असेल, तर कुणाचा फक्त वरचा ओठ ओला. त्याला चांगलं-वाईट म्हणायची घाई नको.

आता आतल्या उष्णतेकडे या. मांड्या अजून तापलेल्या आहेत. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा साधारण चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, बाकीच्या सगळ्याची उष्णता होते. रक्त ती घेऊन त्वचेकडे येतं, म्हणून गाल गरम लागतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ही वाढ टिपतो आणि त्वचेतल्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींना कामाला लावतो. मोठेपणी या ग्रंथींची संख्या वाढत नाही. सरावाने वाढतो तो त्यांचा उरक.

पुढचं काम माठासारखं. पाणी पाझरून पृष्ठभागावर येतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम पूर्णपणे अंगावरच वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. नाकाच्या शेंड्यावरून फरशीवर टपकलेला थेंब मात्र जवळजवळ वाया गेलेला.

इथे जरा रेंगाळा. मे महिन्यात शिवाजी पार्कवर चार फेऱ्या मारणारा माणूस न्हाऊन निघतो, कारण हवा आधीच ओलीचिंब असते आणि घामाला वाळायला जागाच नसते. त्याच दिवसांत नागपूरला सकाळी पळणाऱ्याचा घाम दिसायच्या आत उडून जातो, सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतात. यातला कोण अधिक घामाघूम झाला ते नजर सांगते, पण कुणाची कसोटी अधिक लागली हे नजरेला कळत नाही. कोरड्या हवेत पाणी प्यायचं राहून जातं ते यामुळेच.

शेजारी कोण होतं, ते आठवा. त्याचं अंग कोरडं आणि तुम्ही ओलेगच्च. मनात काय आलं होतं? ‘मला दम नाही’? की ‘मी जास्त मेहनत केली’? दोन्ही विचार समोर ठेवा आणि नुसते बघा. देह मोठा असेल तर उष्णता जास्त निर्माण होते आणि घामही जास्त येतो. काहींचा घाम जन्मजातच मुबलक. आणि कमावलेलं शरीर तर लवकर घामेजतं, फार तापायची वाट बघत नाही. उन्हात दहा-चौदा दिवस रोज व्यायाम केला की हेच होतं: घाम आधी सुरू होतो, अधिक येतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण ग्रंथी ते वाटेतच परत शोषून घ्यायला शिकतात. म्हणजे तोच पूर एकाच्या अंगावर सरावाची खूण असतो, तर दुसऱ्याच्या अंगावर फक्त दमट हवेची.

घाम गाळला की चरबी गळते, हा समजही इथेच सोडून द्या. प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळणाऱ्यांची मला काळजी वाटते. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं, दोन तांबे प्यायलं की परत येतं. तोवर शरीराची निववण्याची वाटच बंद केलेली असते. तालमीत वस्ताद घाम मोजत नाहीत, जोर आणि बैठका मोजतात. ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून लक्षात घ्या. छातीत आवळल्यासारखं होऊन थंड घाम फुटला, तर मनन नको, तडक इस्पितळ गाठायचं. उन्हात पळताना बोलणं अडखळलं, डोकं गरगरलं, तर घाम येतोय की आटलाय हे बघत बसू नये. थांबायचं, सावलीत जायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि मदतीला हाक मारायची.

परत श्वासाकडे. तो लांब झाला असेल. कपाळावरचा गारवा जाणवतोय का? वाऱ्याची झुळूक आली तर घाम वाळताना होणारी ती हलकी शिरशिरी पूर्ण अनुभवा.

आता दोन बोटं मनगटावर ठेवा. नाडी सापडेपर्यंत थांबा. एक मिनिट मोजा, थोडं थांबून पुन्हा एक मिनिट. दोन्ही आकड्यांमधला उतार लक्षात ठेवा. काही आठवड्यांनी, याच वाटेवर, याच वेगाने पळून आल्यावर नाडी आजच्याहून कमी भरेल आणि लवकर खाली येईल. घाम कदाचित पहिल्याच वळणावर फुटलेला असेल.