शिसं ओतणाऱ्या हातांचा धर्म

कुरखेडा तालुक्यात धान लोंबीवर आलं की रात्री जागत्या होतात. रानडुकरांचा एक कळप शिरला तर वर्षाची मेहनत चिखलात जाते. म्हणून शेकोट्या पेटतात, डबे बडवले जातात, हाकारे घुमतात. याच राखणीसाठी गडचिरोलीच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या भरमार बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग शिशाचे छर्रे, आणि सगळं गजानं ठासायचं. प्रत्येक बार माणसाच्या हातचा.

आज परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारही बंद आहे. कुरखेड्याजवळच्या जांभूळखेड्याला 1 मे 2019 रोजी माओवाद्यांच्या भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेला. अशा जिल्ह्यात बंदूक हे निव्वळ राखणीचं साधन उरत नाही. पोलिसांच्या आवाहनावरून गावकरी भरमार जमा करत आले आहेत. पण एक प्रश्न बंदुकीबरोबर जमा होत नाही: गोळी घडवणाऱ्याची जबाबदारी कुठवर जाते?

1857 साली याच वस्तूवरून धर्माचा प्रश्न पेटला होता. एन्फिल्ड रायफलीचं कागदी काडतूस दातांनी फाडावं लागे आणि त्याला लावलेली चरबी गाईची-डुकराची असल्याची धास्ती शिपायांना होती. पुढे हातानं फाडायची, आपलं वंगण आपणच लावायची मुभा मिळाली. तोवर विश्वास उडाला होता. तो संताप खरा होता. तरी त्यातला धर्मप्रश्न ओठांना काय लागतं याचा होता. नळीतून सुटलेलं शिसं कुणाला लागतं, हा त्याहून अवघड.

बुद्धांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत पहिला शस्त्रांचा आहे. म्हणजे चाप ओढण्याच्या कितीतरी आधी, विक्रीपाशीच त्यांनी माणसाला थांबवलं. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून हा विचार या मुलखातल्या असंख्य घरांचा आहे. जैन विचार वेगळ्या वाटेनं जातो. तो संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची चार रूपं मांडतो. श्रावकानं सोडायची ती जाणूनबुजून केलेली, संकल्पी हिंसा. पोटापाण्यात आणि बचावात घडणारी शक्य तितकी कमी करायची. गोंड समाजात कुळागणिक चार, पाच, सहा, सात देव आणि कुळानं राखायचा प्राणी वा झाड ठरलेलं असतं. तिथे जंगलात शिरणारा माणूस मुळातच बंधनं घेऊन शिरतो.

मग केवळ निशाण्यासाठी ओतलेल्या गोळीचं काय? जुन्या धाटणीच्या रायफलींनी नेम साधणारे हौशी युरोप-अमेरिकेत आजही घरी गोळ्या घडवतात. मार्टिनी-हेन्री या जुन्या रायफलीची मूळ गोळी 480 ग्रेनची, सुमारे 31 ग्रॅम; 12 भाग शिशाला एक भाग कथील. शिसं 327 अंश सेल्सिअसवर वितळतं. साच्यातून निघालेल्या गोळीची तळाची कड निरखतात. तिथे बारीकशी खोक दिसली तरी गोळी पुन्हा भांड्यात जाते, कारण दारूचा वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि नेम चुकतो.

ही एकाग्रता साधनेच्या जवळची आहे, आणि कागदाच्या निशाण्यात जीव नाही. पण शिसं कागदापाशी थांबत नाही. ते मागच्या मातीत रुततं आणि हळूहळू झिरपतं. शिकारीतल्या गोळीचे कण मेलेल्या जनावराच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांच्या मृत्यूंमागे शिशाची विषबाधा हे मोठं कारण ठरलं, आणि 1 जुलै 2019 पासून तिथे शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली.

तेव्हा हेतू शुद्ध आहे एवढ्यावर सुटका नाही. तळाची कड निरखणाऱ्यानं मातीतलं शिसं वेचण्याचंही काम आपलं मानलं पाहिजे. आणि कुरखेड्याच्या बांधावरच्या हिंसेचा हिशेब एकट्या राखणदाराच्या माथी मारता येणार नाही. त्याच्या धानाचा भात शहरात शिजतो. नुकसानीची भरपाई वेळेवर त्याच्या हातात पडते का, कुंपणाला मदत मिळते का, याची विचारपूस करणं हा तो भात खाणाऱ्यांच्या अहिंसेचा भाग आहे.