परक्याचे गीत



आज आपणापुढे मांडावयाचा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु गेली तीसएक वर्षे तो माझ्या मनात रुतून बसला आहे. जो मनुष्य देवाला मानीत नाही, त्याने रचलेल्या गीताने आपले अंतःकरण हेलावले, तर त्या आनंदाचे आपण काय करावे? पाप समजून तो झटकून टाकावा, की देणगी समजून स्वीकारावा? आणि स्वीकारावयाचा असेल तर त्याबद्दलचे आभार कोणाचे मानावेत?

हा प्रश्न पुन्हा जागा झाला तो देवनहळ्ळीत. बंगळूरच्या उत्तरेस असलेले हे गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून आणि चकोतऱ्याच्या फळासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध होते. २००८ सालच्या मे महिन्यात येथे नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्या दगडी किल्ल्यावरून दिवसरात्र विमाने जाऊ लागली. माझी मुलगी त्या विमानतळावर नोकरीस आहे. तिच्याकडे मुक्कामास असताना एका रात्री पाळीवरून परतलेली ती कानाला यंत्र लावून डोळे मिटून बसली होती. मी काय ऐकतेस म्हणून विचारले. ती थोडी चाचरली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हांला चालणार नाही बहुधा." त्या एका वाक्याने मला जे लागले, त्याचे कारण पुढे सांगतो.

ती ऐकत होती तो नाइटविश या फिनलंडच्या बँडचा 'येस्टरविंड' हा अल्बम. २० सप्टेंबर २०२४ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्यांचा हा दहावा. १९९६ साली किटे नावाच्या लहानशा गावी हा बँड स्थापन झाला. त्यांच्या संगीतास सिंफनिक मेटल म्हणतात. विद्युत गिटारीचा करकरीत, जाडाभरडा नाद आणि दोन्ही पायांनी वाजविलेल्या ढोलांचा गडगडाट एका बाजूस. व्हायोलिन, तुताऱ्या, बासऱ्यांचा भरगच्च वाद्यवृंद आणि गायकवृंद दुसऱ्या बाजूस. आणि या दोहोंवरून तरंगत जाणारा स्त्रीचा कमावलेला आवाज. कल्पना करा, की मंदिरातील ऑर्गन आणि कारखान्यातील घण एकाच तालावर चालू आहेत. प्रथम ऐकणाऱ्यास तो गोंगाट वाटतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या गोंगाटाच्या आत एक सुरावट चालत असल्याचे ध्यानात येते आणि मग ती सुरावट मनुष्याला सोडीत नाही.

त्या रात्री मी बारा गीतांचा तो अल्बम शेवटपर्यंत ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकला. त्याचा विषय आहे काळ. आपण मरणार आहोत. आपल्या आधी असंख्य माणसे जगली, त्यांनी एकमेकांवर प्रीती केली, म्हणून आपण आहोत. तेव्हा मिळालेला हा थोडा काळ कृतज्ञतेने जगावा, असे त्याचे सांगणे आहे. 'परफ्यूम ऑफ द टाइमलेस' या गीतात पूर्वजांच्या त्या अखंड साखळीचे जे चिंतन आहे, ते ऐकताना मला मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळ आठवली. 'लँटर्नलाइट' हे शेवटचे गीत तर गडगडाट सोडून अगदी मंद होते. एखाद्या घरातला शेवटचा दिवा कोणीतरी हळूच उचलून नेत असावे तसे. फ्लोर यान्सेन ही गायिका तेथे आपली सारी ताकद बाजूला ठेवून गाते आणि ते तिच्या ताकदीहून अधिक परिणाम करते. सर्वच गीते सारखी उतरली आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वाद्यांची इतकी दाटी होते की शब्द गुदमरतात. परंतु एकंदरीत ही मनःपूर्वक केलेली रचना आहे.

मात्र या कृतज्ञतेत देवाला स्थान नाही. या बँडचा प्रमुख रचनाकार तुओमास होलोपाइनेन याने २०१५ सालच्या अल्बमचे नाव डार्विनच्या १८५९ सालच्या ग्रंथाच्या शेवटच्या वाक्यातून घेतले आणि निरीश्वरवादाचे नामांकित पुरस्कर्ते रिचर्ड डॉकिन्स यांचा आवाजही त्यात घातला. 'येस्टरविंड' हा त्याच त्रयीचा शेवट. तेव्हा हे कोणाचे गीत आहे याविषयी संदिग्धता नाही.

आता माझी हकीकत ऐका. १९९३ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, माझा एक मित्र होता; तो ख्रिस्ती नव्हता. त्याच्याजवळ आयर्न मेडन या इंग्रज बँडची 'द नंबर ऑफ द बीस्ट' ही १९८२ सालची कॅसेट होती. तिच्या शीर्षकगीतात प्रकटीकरणाच्या पुस्तकातील श्वापदाचा उल्लेख आहे. मित्राने ती मला ऐकावयास दिली आणि विचारले, "हे प्रकटीकरण तुमच्याच बायबलात आहे ना? त्याचा अर्थ काय?" मी म्हणालो, ऐकून सांगतो.

त्याच आठवड्यात तरुणांसाठी एक मेळावा भरला. वक्त्याने अशा संगीताविरुद्ध मोठ्या आवेशाने भाषण केले. रात्री मैदानात शेकोटी पेटवली गेली आणि ज्याच्यापाशी जे जगिक असेल ते त्याने अग्नीत टाकावे असे आवाहन झाले. माझ्यापाशी माझे स्वतःचे असे काहीच नव्हते. मी ती कॅसेट टाकली. प्लॅस्टिक वितळून तिची फीत वर उडाली, सर्वांनी स्तोत्र म्हटले आणि मला अतिशय पवित्र वाटले.

मित्राने कॅसेट मागितली तेव्हा मी खरे ते सांगितले. तो रागावला नाही. तो फक्त म्हणाला, "ती माझ्या भावाची होती." त्यानंतर आमचे बोलणे कमी होत होत बंद पडले. प्रकटीकरणाचा अर्थ मी त्याला कधीच सांगितला नाही.

त्या रात्री वक्त्याने इफिस येथील घटनेचा आधार घेतला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात जादूटोणा करणाऱ्यांनी पुस्तके जाळल्याचे आपण वाचतो. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. पुष्कळ वर्षांनी तो अध्याय सावकाश वाचताना मला एक गोष्ट दिसली, जी त्या मैदानात कोणी सांगितली नव्हती. त्या लोकांनी जाळली ती त्यांची स्वतःची पुस्तके होती. शेजाऱ्याच्या घरातून त्यांनी काही आणले नव्हते. त्यांच्या त्यागाची किंमत त्यांनीच भरली. माझ्या त्यागाची किंमत दुसऱ्याने भरली. मला फक्त पावित्र्याचा आनंद मिळाला.

येथे कोणी म्हणेल, कॅसेट परक्याची होती ही चूक खरी. परंतु ती तुझी स्वतःची असती तर? मग जाळणे योग्यच नव्हते काय? हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

पवित्र शास्त्रात संगीताविषयी एक विलक्षण वृत्तांत आहे. शौल राजा व्याकूळ होई तेव्हा दावीद वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे. वाजविणारा देवाच्या मनासारखा, संगीतही निर्दोष. पण पुढे याच शौलाने, तोच दावीद वाजवीत असताना, त्याच्यावर भाला फेकला. याचा अर्थ असा, की उत्तम भक्ताचे उत्तम संगीतही ऐकणाऱ्याला आपोआप चांगले करीत नाही. आणि आमोस संदेष्टा तर याहून पुढे जातो: जेथे न्याय नाही तेथील स्तवनगीते देवाला नकोशी होतात, असे तो सांगतो. ती गीते गाणारे नास्तिक नव्हते. त्यांचे शब्दही शुद्धच असतील. तेव्हा गाणाऱ्याचा विश्वास कोणता, एवढ्या एकाच मापाने गीताची परीक्षा होत नाही. ऐकून उठल्यावर आपल्या हातात वीणा आहे की भाला, हेही पाहावे लागते. मैदानात स्तोत्र चालू असताना माझ्या हातात काय होते, हे मी आता जाणतो.

शिवाय, वाचकहो, परक्याचे गीत आपण खरोखर किती टाळले आहे? इंग्लंडातील मंडळ्यांचे 'द इंग्लिश हिम्नल' हे स्तोत्रपुस्तक १९०६ साली निघाले. त्याचे संगीत-संपादक राल्फ वॉन विल्यम्स हे अज्ञेयवादी होते. त्यांच्या चाली आजही भाविक डोळे मिटून गातात. आपल्या घरातच पाहा. १६१६ साली राचोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापणारे फादर स्टीफन्स ओवीत लिहू लागले तेव्हा ती ओवी त्यांना ज्ञानेश्वरांच्या भूमीतून मिळाली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंग आणि भजन सोबत घेऊन मंडळीत आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. समजा, बाप्तिस्म्याच्या दिवशी कोणी त्यांच्यासाठी शेकोटी पेटविली असती आणि त्यांनी तुकोबांची गाथा तीत टाकली असती, तर आज आपल्या उपासनेत आपण काय गात असतो?

'पूर्वजांच्या प्रीतीमुळे आपण आहोत' असे ते फिनलंडचे गीत म्हणते तेव्हा म्हणूनच माझ्या मनाला चटका बसतो. माझे पणजोबा बाप्तिस्म्यापूर्वी कोणती गाणी गात होते? ज्या मातेने त्यांना जात्यावर ओव्या म्हणत वाढविले ती प्रभूला ओळखत नव्हती. तिची ओवी मी जाळू काय? तिच्या ओवीविना मी नाही.

परंतु येथे दुसऱ्या बाजूचा एक मोहही आहे. तो असा, की परक्याच्या गीताला हळूच आपले नाव द्यावयाचे. "तो नास्तिक म्हणतो खरा, पण अंतर्यामी तो आपलाच आहे" असे म्हणून मोकळे व्हावयाचे. मला हे प्रामाणिक वाटत नाही. होलोपाइनेन जे म्हणतो ते त्याला म्हणावयाचेच आहे. त्याच्या तोंडात आपले शब्द घालणे म्हणजे त्याची कॅसेट न विचारता आपल्या कपाटात ठेवणे होय. जाळण्यात आणि असे हडप करण्यात एक गोष्ट समान आहे: दोन्हींत त्या माणसाचे ऐकून घेतलेलेच नसते. पौल अथेन्समध्ये गेला तेव्हा त्याने ग्रीक कवीचे वचन भर सभेत उच्चारले. पण ते त्यांच्या कवीचे म्हणूनच उच्चारले, आणि मग स्वतःला जे सांगावयाचे ते स्वतःच्या नावाने सांगितले. हाच सरळ मार्ग होय.

मग वाटेल ते ऐकावे काय? मी असे म्हणत नाही. क्रौर्याची गोडी लावणारे, मनुष्याला तुच्छ लेखणारे संगीत आहे. ते टाकावे, आणि टाकताना त्याची किंमत आपण स्वतः भरावी. पण 'टाकण्याजोगे' हा निवाडा ऐकल्यानंतर द्यावयाचा असतो. मी ती कॅसेट जाळली तेव्हा तिची दुसरी बाजू ऐकलीसुद्धा नव्हती.

'येस्टरविंड'मधील एका गीताविषयी सांगून आटोपते घेतो. 'द चिल्ड्रन ऑफ आता' हे गीत टोंगा देशातील सहा शाळकरी मुलांवर आहे. १९६५ साली ती मुले एका होडीतून निघाली, वादळात सापडली आणि आता नावाच्या निर्जन बेटाला लागली. सुमारे पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन नाविकाला ती सापडली. मध्यंतरी त्यांनी अग्नी पेटविला आणि तो विझू दिला नाही. कामे वाटून घेतली. एकाचा पाय मोडला तर इतरांनी तो बांधून बरा केला. नारळाच्या करवंटीची आणि मोडक्या होडीच्या तारांची एक गिटारही त्यांनी बनविली. त्यांचा दिवस गीताने व प्रार्थनेने सुरू होई आणि गीताने व प्रार्थनेनेच संपे. देवाचे नाव न घेणाऱ्या बँडला मनुष्याच्या चांगुलपणाविषयी गावेसे वाटले तेव्हा त्याने निवडली ती प्रार्थना करणारी मुले. यावरून मी कोणताही विजय साजरा करीत नाही. एवढेच म्हणतो, की त्यांनी आपल्या लोकांची गोष्ट आदराने ऐकली. त्यांच्या गीताला मी तेवढा तरी कान देणे लागतो.

त्या मुलांपाशीही अग्नी होता आणि आमच्या मैदानातही अग्नी होता. त्यांनी तो एकमेकांना जगविण्यासाठी राखला.

मुलीला मी ही सारी हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही; मग म्हणाली, "त्या काकांना कळवलंत का कधी?" डोक्यावरून एक विमान गेले, त्याचा आवाज ओसरेपर्यंत मला उत्तर सुचले नाही. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडनचा कार्यक्रम बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले, तेव्हाही मला त्याची आठवण झाली होती. तेव्हाही मी गप्पच राहिलो.

आता पत्र लिहून झाले आहे. त्यात क्षमा मागितली आहे, आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाविषयी मला जे थोडे समजते तेही लिहिले आहे. त्याने विचारले होते म्हणून, उपदेश म्हणून नव्हे. त्याचा पत्ता जुना आहे. पत्र पोहोचेल की नाही, पोहोचल्यास तो उत्तर देईल की नाही, हे माझ्या हाती नाही. हा लेख आपल्या हाती पडण्यापूर्वी ते टपालात पडलेले असेल, एवढे मात्र आपणापुढे कबूल करतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

आपल्याही घरी कोणाची तरी वस्तू, कोणाचा तरी प्रश्न, असाच परत करावयाचा राहिला असेल. तो शोधून पाहा, ही विनंती.