हिरव्याचा शेजारी

पावसाळ्यात मालवण-कुडाळकडे येणारा माणूस इथला हिरवा रंग पाहून हरखतो. झाडं देशावरही आहेतच की. मग इथलाच हिरवा डोळ्यांत इतका का भरतो? पाऊस धो धो पडतो, हे उत्तर खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्या हिरव्याच्या शेजारी आहे. तिथे जांभ्याची लाल माती आहे.

लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या विरोधी रंगांच्या जोड्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांचा स्वभाव मात्र ब्रश हातात घेतल्यावरच कळतो. हिरव्यात लाल कालवला की दोघांचंही तेज जातं आणि पॅलेटवर मातकट तपकिरी उरतो. तेच दोन रंग न कालवता एकमेकांना लावून ठेवले, तर दोघांनाही उठाव येतो.

असं का होतं, ते घरच्या घरी पाहता येतं. लाल कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट एकटक बघा आणि नजर पांढऱ्या कागदावर न्या. तिथे निळसर हिरवा ठसा तरंगू लागतो. लाल बघून शिणलेला डोळा विरोधी रंगाची भर आपण होऊन घालतो. लाल मातीच्या मेरेवरून नजर भाताच्या तरव्यावर सरकते, तेव्हाही ही भर पडतच असते. त्यात पाऊस. भिजलेली माती गडद होते, ढगाळ उजेडात पानांवरची उन्हाची पांढरी चकाकी नाहीशी होते आणि दोन्ही रंग एकदमच भरून येतात.

आता एका राखाडी पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडा आणि त्यातून नुसता तरवा बघा. माती अजिबात दिसता कामा नये. पोपटी रंग दिसेल, पण पिवळ्याकडे झुकलेला आणि मघापेक्षा बराच साधा. पुठ्ठा बाजूला केला की तोच पुन्हा झळाळतो. तरव्यात काहीच बदललेलं नसतं, फक्त त्याला त्याचा शेजार परत मिळालेला असतो.

शेजाराचा हाच परिणाम पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातही दिसला. तिथे भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं विणत. तिथल्या रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो. शेव्रल रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी तो काळा इतर कारखान्यांच्या काळ्याशी ताडून पाहिला. रंग चोख होता. तो फिका वाटत होता शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे. या शोधावर त्यांनी 1839 साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढच्या अनेक चित्रकारांनी तो अभ्यासला.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांना रंगांचा शेजार जुळवणं रोजच्या कामाचा भाग. दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाची गोल पानं 120. दहा अवतारांचे दहा संच, एकेका संचात 12 पानं. प्रत्येक संचाची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे पान उचलताच खेळणाऱ्याने अवतार ओळखावा. इथे चित्राइतकीच जमीनही बोलते. तिचा रंग ठरला, की त्यावर मासा किंवा कासव कोणत्या रंगात उठून दिसेल याचा विचार आलाच.

आपण वस्तुचित्रात नेमकं उलट करतो. पेरू, तांब्या, वांगं मन लावून रंगवतो आणि मागच्या कापडावर शेवटच्या पाच मिनिटांत हाताला येईल तो रंग फासतो. मग पेरू मेल्यासारखा दिसतो. त्याला जागं करायला आणखी हिरवा चढवतो, त्यावर आणखी एक हात, आणि कागदाचा चिखल होतो.

म्हणून आज वस्तुचित्राला बसाल तेव्हा कापडाचा पातळ हात आधीच देऊन ठेवा. कोरा पांढरा कागद हासुद्धा एक शेजारीच असतो आणि त्याच्यासमोर लावलेला कुठलाही रंग हवा त्यापेक्षा गडद भासतो. काम अर्ध्यावर आल्यावर पेरू फिका वाटलाच, तर त्याला हात लावू नका. मागच्या कापडात विटकरीची एक छटा देऊन पाहा. पुष्कळदा दुरुस्ती तिथेच होऊन जाते.