गंजलेली मोटार आणि पडलेला बंधु

(आधार: गलतीकरांस पत्र, अध्याय ६, वचन १)



वर दिलेल्या वचनांत प्रेषित पौल गलतीयांतील मंडळ्यांस एक काम नेमून देतो. मंडळींतील कोणी मनुष्य अपराधांत सांपडला, तर जे आत्म्याच्या मार्गानें चालतात त्यांनीं त्याला सौम्यतेनें नीट करावें, आणि तसें करतांना स्वतःकडेहि लक्ष ठेवावें, असें तो सांगतो. नीट करणें ह्या अर्थीं जो ग्रीक शब्द पौलानें येथें योजिला आहे, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत आला आहे. जब्दीचे पुत्र याकोब व योहान तारवांत बसून जाळीं नीट करीत होते, असें जेथें सांगितलें आहे, तेथेंच तो शब्द आहे. ह्यावरून पौलाच्या मनांत न्यायाधीशाचें आसन नव्हतें, तर कारागिराचें काम होतें, हें उघड होतें. फाटलेलें जाळें कोळी फेंकून देत नाहीं, आणि तसेंच फाटकें घेऊन समुद्रावरहि जात नाहीं. तो बसतो, फाटलेली जागा शोधतो, आणि एकेक गांठ मारितो.

ह्या कामाची रीत मनांत ठसावी म्हणून आज आम्ही दुसऱ्या एका कारागिरीचा दृष्टांत घेतों. पिकअप मोटार आपल्या खेड्यांतील लहान मुलालाहि ठाऊक आहे. पुढें हांकणाऱ्याची केबिन, मागें उघडा हौदा. कांद्याच्या गोणी, शेळ्या, लग्नाचें वऱ्हाड, सर्व कांहीं तिच्यांतून जातें. अमेरिकेंतील शेतकऱ्यांत ह्या गाडीचा प्रघात फार जुना आहे. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी मोटारीस कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढिली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ सालीं शेव्हरोले कंपनीनें नव्या घडणीची पिकअप बाजारांत आणिली, आणि तीच घडण १९५५ सालापर्यंत चालविली. तींतील ३१०० ह्या क्रमांकाची अर्ध्या टनाची गाडी त्या देशांत अजून पुष्कळांच्या आवडीची आहे. गोलसर केबिन, सहा सिलिंडरांचें साधें इंजिन, सहा व्होल्टांची बॅटरी, आणि हौद्याला लांकडी फळ्यांची जमीन व फळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या, असा तिचा थाट असे.

आज ह्या गाड्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. कित्येक शेताच्या कडेला गवतांत रुतून बसल्या आहेत. अशी एखादी गाडी पाहून मनुष्याला तीन गोष्टी करतां येतात. ती भंगारांत विकावी, ही पहिली. वरून नवा रंग फासून दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावी, ही दुसरी. आणि घराच्या आवारांतील लहानशा कारखान्यांत तिला आणून, संध्याकाळीं पोटाचें काम आटोपल्यावर, महिनोन् महिने, कधीं कधीं वर्षानुवर्षें खपून तिला पुन्हा चालती करावी, ही तिसरी. तिसऱ्या मार्गानें जाणाऱ्याचा खर्च पुष्कळदां गाडीच्या किमतीहून अधिक होतो, हें त्याला ठाऊक असतें. तरी तो जातो, कारण त्याला ती गाडी हवी असते.

बंधूंनो, मंडळींत कोणी पडला म्हणजे आपल्यापुढेंहि हेच तीन मार्ग असतात. त्याचें नांव यादींतून खोडून त्याला भंगारांत काढणें हा एक. कांहीं झालेंच नाहीं असें दाखवून पुढच्या रविवारीं त्याला प्रभूच्या मेजावर बसविणें हा दुसरा. पौल तिसरा मार्ग सांगतो. त्या मार्गावर कारागिरापासून शिकण्याजोग्या चार गोष्टी आम्हांस दिसतात.

पहिली गोष्ट गंजाची. ह्या गाड्यांच्या केबिनीचे खालचे कोपरे आणि दाराखालचा पत्रा हे आंतून गंजतात. पानें, माती व पाणी पोकळींत सांचतें, आणि बाहेरून रंगाला बारीक फोड दिसूं लागतात तोंवर आंतला पत्रा बहुधा खाल्लेला असतो. लबाड मनुष्य त्यावर पुट्टी भरतो, घांसतो व रंग देतो, आणि गाडी नवी दिसते. म्हणून जाणता गिऱ्हाईक खिशांत लोहचुंबक घेऊन जातो. जेथें चुंबक धरीत नाहीं तेथें लोखंड नाहीं, जाड पुट्टी आहे, हें त्याला तत्काळ कळतें. खरा कारागीर सडलेला पत्रा निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढितो आणि तेथें नवा पत्रा वेल्डिंगनें जोडितो. आतां विचार करा. ज्यानें मंडळीचे पैसे खाल्ले, त्याला नुसती क्षमेची प्रार्थना म्हणावयास लावून पुन्हा पेटीजवळ बसविलें, तर ती पुट्टी झाली. पश्चात्ताप निरोगी लोखंडापर्यंत गेला पाहिजे. जक्कयानें घेतलेलें चौपट परत देऊं केलें. आपल्या बंधूनेंहि दर हंगामास थोडें थोडें कां होईना, पण परत करावें; ज्याची निंदा केली असेल त्याच्या दाराशीं जावें. हें त्याला सांगणें निष्ठुरपणा नव्हे. न सांगणें हाच निष्ठुरपणा आहे, कारण पुट्टीच्या खालीं गंज चालूच राहतो.

दुसरी गोष्ट आधाराची. केबिनीचा खालचा पत्रा कापण्यापूर्वीं शहाणा कारागीर दाराच्या चौकटींत आडव्या-तिरप्या लोखंडी सळया तात्पुरत्या जोडून घेतो. तसें न करतां कापलें, तर चौकट वांकते. मग पत्रा कितीहि सुंदर बसविला तरी दार पुन्हा कधीं नीट लागत नाहीं. आधीं आधार, मग छेद, हा त्या कामाचा नियम आहे. आपण पुष्कळदां उलट करितों. पंच बसतात, दोष वाचून दाखवितात, शिक्षा ठरवितात; परंतु त्या मनुष्याच्या बायकोमुलांचें उद्यां काय, बाजाराच्या दिवशीं दारूच्या दुकानावरून जातांना त्याच्याबरोबर कोण चालेल, हें कोणी ठरवीत नाहीं. उपदेशक बंधूंनो, शिक्षेचा शब्द बोलण्यापूर्वीं दोन माणसें नेमा. एकानें बाजाराच्या दिवशीं त्याच्या सोबत जावें व सोबत परत यावें. दुसऱ्यानें संध्याकाळच्या वेळीं त्याच्या ओसरीवर बसावें. त्याची मुलें रविवारच्या शाळेंत पूर्वींप्रमाणेंच येत राहतील, आणि त्यांना कोणी टोंचून बोलणार नाहीं, हें मंडळीनें पाहावें. एवढा आधार दिल्यावर मग सत्याचें पातें चालवा.

तिसरी गोष्ट धीराची. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. पान्याला जोर दिला तर ते फिरत नाहींत, मोडतात. आणि मोडलेला बोल्ट काढण्यास दसपट वेळ लागतो. म्हणून त्यांवर पातळ तेल सोडून वाट पाहतात, शेक देतात, पुन्हा तेल सोडतात. इंजिन जखडलें असेल तर स्पार्क प्लग काढून त्या भोंकांतून सिलिंडरांत तेल ओततात, कित्येक दिवस तसेंच ठेवितात, आणि मग हातानें हळूच फिरवून पाहतात. पहिल्याच दिवशीं स्टार्टर मारणारा आंतले भाग मोडून बसतो. पडलेला मनुष्यहि असाच जखडलेला असतो. लाज त्याला जखडते, आणि ती बहुधा रागाच्या रूपानें बाहेर येते. तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हां तो दार लावून घेईल. दुसऱ्यांदा जाल तेव्हां तुमचेच दोष काढील. जात राहा. प्रभूनें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत जी रीत घालून दिली आहे, तीहि पायरीपायरीची आहे: प्रथम एकट्यानें एकांतांत, मग दोघांतिघांनीं, आणि शेवटीं मंडळीनें. आपल्याकडे मात्र मंडळीला आधीं कळतें, आणि एकांतांत जाणारा कोणी निघतच नाहीं.

चौथी गोष्ट मृदु धातूची. ३१०० गाडीच्या त्या जुन्या इंजिनांत कनेक्टिंग रॉड जेथें क्रँकला धरितो, तेथें बॅबिट नांवाचा मऊ मिश्रधातु ओतलेला असे. पोलादावर पोलाद घांसलें तर दोन्हीं खराब होतात. म्हणून मध्यें मऊ धातु ठेवितात. बारीक कचरा आला तर तो आपल्या अंगांत रुतवून घेतो, आणि झीज व्हावयाचीच असेल तर प्रथम आपण झिजतो, क्रँकला वांचवितो. पौल ज्या सौम्यतेविषयीं सांगतो ती अशीच आहे. ती दुबळी नव्हे. सर्व जोराच्या मध्यें ती उभी असते. पडलेल्या बंधूला नीट करावयास जो जाईल, त्याला कांहीं झिजावें लागेल. त्याची मजुरी बुडेल, त्याच्यावर शिंतोडे उडतील, लोक म्हणतील कीं हाहि त्याच्यांतलाच. जो हें सोसावयास सिद्ध नाहीं त्यानें ह्या कामाला हात लावूं नये.

येथें दृष्टांताची सीमा सांगणें अवश्य आहे. मोटार कारागिराला हो म्हणत नाहीं व नाहीं म्हणत नाहीं, मनुष्य म्हणतो. त्याच्या अंतःकरणांत नवें जीवन घालणें आपल्या हातीं नाहीं, तें देवाच्या आत्म्याचें काम आहे. आणखी एक भेद आहे. कारागीर लोखंडाचा नाहीं, म्हणून त्याला गंज लागत नाहीं; आपण मात्र त्याच मातीचे आहों, आणि ह्याच कारणास्तव पौल स्वतःकडे लक्ष ठेवावयास सांगतो. जो बंधूच्या अंगणांत उंच मानेनें शिरतो, त्याच्याहि पत्र्याला आंतून फोड येऊं लागले आहेत.

हें सर्व लिहिण्याचें कारण आतां सांगतों. एका खेड्यांतील मंडळीनें दारूच्या अपराधासाठीं एका गृहस्थाचें नांव कमी केलें होतें. अपराध खरा होता. पुढें नऊ वर्षें त्याच्या उंबऱ्यावर मंडळीपैकीं कोणी पाऊल ठेविलें नाहीं. तो वारला, तेव्हां सर्व मंडळी आली. खांदा द्यावयास माणसांची दाटी झाली. त्याच्या विधवेनें आम्हांस एवढेंच विचारिलें, "पाळकसाहेब, आज आलेलीं हीं माणसें इतकीं वर्षें कोठें होतीं?" त्या बाईला द्यावयास उत्तर तेथें कोणापाशींहि नव्हतें. मेलेल्याला खांदा देणें सोपें आहे. त्याला चार घटका पुरतात. जिवंताचें ओझें वाहण्यास वर्षें लागतात. आणि एकमेकांचीं ओझीं वाहावीं, हें तर पौलानें आमच्या वचनाच्या लगेच पुढच्याच वचनांत सांगितलें आहे.

करिंथ येथील मंडळीनें एका मनुष्यास शिक्षा केली होती. पौलानें त्यांस दुसऱ्या पत्रांत कळविलें कीं झालेली शिक्षा पुरे आहे. आतां त्याला क्षमा करा व धीर द्या, नाहींतर तो अति दुःखांत बुडून जाईल. शिक्षेला शेवट असावा, असें प्रेषिताचें मत होतें. आमच्या कित्येक मंडळ्यांत शिक्षेला आरंभाची तारीख आहे, शेवटाची नाहीं.

आणि प्रभूनें स्वतः पेत्राचें काय केलें तें आठवा. पेत्रानें कोळशाच्या शेकोटीपाशीं त्याला तीनदां नाकारिलें होतें. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकांठीं प्रभूनें पुन्हा कोळशाचा विस्तव केला, प्रथम त्याला जेवूं घातलें, आणि मग तीनदां प्रश्न विचारिला. आधीं आधार, मग छेद. तिसऱ्या प्रश्नानें पेत्र दुःखी झाला, कारण पातें निरोगी जागेपर्यंत पोहोंचलें होतें. तरी प्रत्येक उत्तरामागें प्रभूनें त्याच्या हातीं आपलीं मेंढरें दिलीं. घराच्या कारखान्यांतून निघालेली गाडी देखाव्यासाठीं झांकून ठेविली तर काय उपयोग? ती पुन्हा ओझें वाहूं लागली म्हणजे नीट झाली. तसेंच ज्या बंधूला तुम्ही परत आणाल, त्याला कांहीं काम द्या. तो घंटा वाजवो, सतरंज्या अंथरो, आजाऱ्याकडे निरोप नेवो.

म्हणून, उपदेशक बंधूंनो व वडील मंडळींनो, ह्या आठवड्यांत आपापली सभासदांची यादी काढा. ज्या नांवांवर रेघ ओढली आहे तीं नांवें मोठ्यानें वाचा. त्यांपैकीं जो जिवंत आहे अशा एकाच्या नांवापुढें, त्याच्या घरीं कोण जाणार, त्याचें नांव लिहा. सर्वांचें एकदम करूं नका; कारागीर एका वेळीं एकच गाडी आंत घेतो. पण येत्या रविवारच्या आंत एकाच्या दारीं जा, आणि दार लागलें तर पुन्हा जा.

जो प्रभु आम्हां सर्वांस गवतांतून उचलून आपल्या घरीं घेऊन आला, आणि ज्यानें आमच्या किमतीहून फार अधिक किंमत आमच्यासाठीं भरली, तो तुमच्या हातांस धीर व सौम्यता देवो. आमेन.