पाटे बदलले, टायर बदलले: गाडी तीच राहते का?

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात, मांडवीजवळच्या घडियाळी पोळमध्ये कोणी ऐंशीच्या दशकातली मारुती जिप्सी आजवर सांभाळली असेल, तर एक प्रश्न त्याच्या दारी केव्हातरी येतोच. पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग बसलेले असतात, बुश झिजलेले असतात, शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागलेले असते आणि टायरचे रबर कडक होऊन त्याला भेगा गेलेल्या असतात. माही नदीच्या कोतरांत म्हणजे घळींत किंवा पावागडच्या पलीकडच्या कच्च्या वाटांवर ही गाडी पुन्हा न्यायची, तर हे सगळे बदलावे लागते. बदलायचेच आहे, तर जुन्याच प्रतीचे घालायचे की अधिक चांगले, अधिक उंच, अधिक रुंद? हा प्रश्न वरवर गॅरेजचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला तोच प्रश्न आहे: भाग बदलत गेले, तर वस्तू तीच राहते का, आणि राहत असेल, तर कशाच्या बळावर? माझे म्हणणे असे की, वस्तूला तीच ठरवणारी गोष्ट तिच्या लोखंडात आणि रबरात सापडत नाही आणि तिच्या नावातही सापडत नाही. एका भागात केलेल्या बदलाचे परिणाम दुसऱ्या भागाला भोगावे लागतात, त्या परिणामांच्या साखळीत ती असते. म्हणून गाडी तीच ठेवणे हे तिच्यात बदल करणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

या वादाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणच मुळी वाहनाचे आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात राजा आपण रथातून आलो असे सांगतो, आणि नागसेन त्याला रथ दाखवायला सांगतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडी, सांगाडा? प्रत्येक उत्तर नकारार्थी येते आणि शेवटी ठरते की, हे भाग एकत्र आले म्हणजे त्यांना व्यवहारात ‘रथ’ म्हणतात, एवढेच. ग्रीकांकडेही असाच पेच आहे. प्लुटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या. पुढे सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जोडून कोणी दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते? जुन्या गाड्यांच्या जगात हा केवळ तर्काचा खेळ नाही. एका गाडीचे उतरवलेले पाटे भंगारवाल्याकडून दुसऱ्या गाडीखाली जातात, इंजिन तिसऱ्या गाडीत बसते, आणि हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावात जुन्या सुट्या भागांतून अख्ख्या जीप जुळवण्याचा धंदा उभा राहतो.

नागसेनाचे उत्तर सुटसुटीत आहे, पण ते पुरेसे नाही. ‘गाडी’ हे केवळ सोयीचे नाव असेल, तर जमिनीवर मांडून ठेवलेल्या भागांच्या ढिगालाही ते देता आले पाहिजे. न्याय दर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, नेमके इथेच बोट ठेवले. भागांहून वेगळा ‘अवयवी’ म्हणजे पूर्ण पदार्थ खरोखरच असतो, असे ते मानतात. त्याला न्यायसूत्रांत दिलेला एक पुरावा असा की, एक भाग धरला तर सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला तर सगळी ओढली जाते. चिखलात रुतलेल्या जिप्सीच्या हुकाला दोर बांधून दुसऱ्या गाडीने खेचले, म्हणजे चार चाके, इंजिन, टप आणि आत बसलेली माणसे एकत्र बाहेर येतात. ढिगाच्या बाबतीत असे होत नाही. मात्र हेच दर्शन पुढे अडचणीत येते. कापडाचा एक धागा निघाला तर जुने कापड नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, असे न्याय-वैशेषिकांना मानावे लागते. तोच नियम लावला तर पाट्यातले एक पान बदलताच जुनी गाडी संपली आणि नवी जन्मली असे म्हणावे लागेल, आणि ‘हीच ती गाडी’ ही आपली ओळख केवळ साम्यावर टिकलेली ठरेल. ओढून पाहण्याची त्यांची कसोटी खरी आहे. तिच्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र गरजेपेक्षा कडक आहे.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट ज्या ग्रंथात सापडते, तो वडोदऱ्यातूनच छापून जगापुढे आला, ही या शहरातल्या मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू झालेल्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत 1926 साली आठव्या शतकातल्या शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या टीकेसह प्रसिद्ध झाला. प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी बदलते, टिकून राहणारा पदार्थ असा नाहीच, ही बौद्ध भूमिका शांतरक्षित मांडतो. त्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप नीतीचा आहे: कर्म करणारा टिकतच नसेल, तर फळ कोणी भोगायचे? केलेले वाया जाईल आणि न केलेले पदरात पडेल. कर्म आणि फळ यांच्या संबंधावर शांतरक्षिताने वेगळे प्रकरणच लिहिले आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, टिकणाऱ्या पदार्थाची गरज नाही. कारण आणि कार्य यांची न तुटणारी परंपरा पुरते. ज्या प्रवाहात कारण घडले, त्याच प्रवाहात कार्य उमटते. या उत्तराने प्रश्नाचा रोख बदलतो. ‘वस्तू तीच आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘केलेल्याचा परिणाम कोठे पोहोचतो?’ असे विचारता येते. नैयायिकांचा ओढण्याचा पुरावाही आता नीट जागी बसतो: एका भागावरचा ताण दुसऱ्या भागापर्यंत पोहोचतो, म्हणून ती वस्तू एक.

गाडीच्या पोटाखाली पाहिले की हा विचार पुस्तकी राहत नाही. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड आस आहे आणि तो पाट्यांवर टांगलेला आहे. उंच पाटे किंवा लांब शॅकल घालून गाडी वर उचलली, तर चासी आणि टप वर जातात; डिफरन्शियल मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण आस चाकांवर उभा असतो. त्याला वर उचलायचे तर मोठा टायरच हवा. 205/70 आर 15 या मापाच्या टायरचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर भरतो, 235/75 आर 15 चा सुमारे 733. आस जेमतेम 33 मिलिमीटर वर जातो, पण परीघ जवळपास दहा टक्क्यांनी वाढतो; काटा 60 दाखवत असताना गाडी 66 च्या आसपास धावत असते. तेवढ्याच प्रमाणात इंजिनाला चढ जड होतो, ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, बेअरिंगवर भार वाढतो, आणि चाक पूर्ण वळवले की रबर पाट्याला किंवा मडगार्डला घासू लागते. गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर सरकतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, पुढच्या आसाचा कल बिघडला तर स्टिअरिंग सैरभैर होते आणि ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात. कोणताही भाग एकटा बदलता येत नाही. गाडी ‘एक’ असल्याचा याहून ठोस पुरावा दुसरा नाही: एका जागी केलेल्या कृतीचा हिशेब ती दुसऱ्या जागी मागते.

यावर पहिला आक्षेप जुन्या गाड्यांची मनापासून कदर करणाऱ्यांचा येतो. कारखान्यातून निघाली तशीच गाडी म्हणजे खरी गाडी. बदल म्हणजे इतिहासाची मोडतोड. जानेवारी 2023 मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनांत अस्सलपणाला मोठे मोल असते आणि ते असायलाच हवे, कारण तिथे गाडी साक्षीपुरावा म्हणून उभी असते. पण जपण्याची पद्धत एकच नसते, हे आपल्या धर्मपरंपरेला पक्के ठाऊक आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबावी म्हणून तिला वज्रलेप करतात, 2020 मध्येही केला. तिथे तोच पाषाण जपणे हे कर्तव्य मानले आहे. जगन्नाथपुरीत मात्र देवाचे लाकडी विग्रहच ठरावीक वर्षांनी नवे घडवतात, 1996 आणि 2015 मध्ये घडवले; आणि नंदिघोष हा जगन्नाथाचा सोळा चाकांचा रथ तर दरवर्षी नव्या लाकडाचा बांधला जातो. कोणी भाविक त्याला परका रथ म्हणत नाही, कारण माप, विधी, घडवणाऱ्यांची परंपरा आणि रथाचे काम यांचा धागा अखंड आहे. चालणाऱ्या गाडीचा धर्म पुरीच्या रथाचा आहे. तिच्यावर जुने टायर ‘मूळचे’ म्हणून ठेवणे निष्ठा ठरत नाही, कारण त्या रबराला दिलेले काम ते आता करू शकत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले की, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. अनेकांना हे शौकाच्या आड आलेले कुंपण वाटते. मला त्यात आपल्याच प्रश्नाचे एक उत्तर दिसते. कायदा गाडीला ओळखतो ते चासीच्या क्रमांकावरून. पण चासीच्या लोखंडात काही पवित्र आहे म्हणून त्याने ती निवडलेली नाही. अपघात झाला, तर जाब कोणाला विचारायचा हे ठरवता यावे म्हणून परिणामांचा धागा कोठेतरी बांधून ठेवावा लागतो, आणि तो तिथे बांधला आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासून घ्यावी लागते, तीही याचसाठी. हॉब्जच्या दुसऱ्या जहाजाचा पेचही इथे सुटतो: उतरवलेले पाटे जिच्याखाली बसले, तिच्याकडे जुन्या गाडीची जबाबदारी जात नाही. शिवाय या चौकटीत सुधारणेला वाव नाही असे मुळीच नाही. मंजूर मापातच चांगल्या पकडीचे टायर घेता येतात. थकलेल्या पाट्यांच्या जागी त्याच उंचीचे, कमी घर्षणाचे पाटे, ताजे बुश आणि ताकदीचे शॉकॲब्सॉर्बर बसवले, तर चाक खड्ड्यात उतरून जमीन धरून ठेवते. कच्च्या वाटेवर खरा उपयोग याचाच होतो. नुसत्या उंचीने तो मिळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे: ही सुधारणेची हौस म्हणजे तृष्णाच नव्हे का? मोठा टायर घेतला की उंच पाटे लागतात, उंच पाट्यांपायी शाफ्ट, शाफ्टपायी गिअरचे प्रमाण, मग ब्रेक, मग इंजिन. मागणीतून मागणी जन्मते आणि शेवट दिसत नाही. हा इशारा मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरून बदलच त्याज्य ठरत नाही. बदल नाकारणाऱ्याची गाडीही बदलतच असते. पाटे बसतात, रबर कुजते, फक्त त्या बदलाची जबाबदारी कोणी घेत नाही. ज्या बदलाने गाडीच्या इतर भागांचे देणे फिटते आणि नवे देणे कमीत कमी उभे राहते, तो योग्य. ज्याचे देणे फेडायला आणखी बदल लागतात आणि तरी ते फिटत नाही, तो तृष्णेचा. बसलेल्या पाट्यांमुळे टपाला, प्रवाशांच्या पाठीला आणि टायरच्या कडांना जे सोसावे लागत होते, ते नव्या पाट्यांनी संपते. केवळ दिसण्यासाठी घातलेला भला मोठा टायर ते सोसणे संपवत नाही, ब्रेकच्या गळ्यात टाकतो.

परिणामांची ही साखळी मडगार्डपाशी थांबत नाही. घडियाळी पोळमधली गाडी सुट्टीच्या दिवशी माहीच्या काठावर जात असेल, पण बाकीचे दिवस ती मांडवीच्या गर्दीतून, हातगाड्या, स्कूटर, सराफी दुकानांच्या पायऱ्या आणि शाळेतून परतणारी मुले यांच्यामधून वाट काढते. थांबायला तिला किती अंतर लागते याच्याशी त्या मुलांचा थेट संबंध आहे. माहीच्या कोतरांतली भुसभुशीत माती खोल खाचांच्या टायरने उकरली गेली, तर पुढच्या पावसात ती वाहून जाते. जांबुघोड्याच्या अभयारण्यात तर वाटेबाहेर गाडी घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. कर्माचे फळ त्याच प्रवाहात उमटते असे शांतरक्षित म्हणतो, पण गाडीच्या बाबतीत तो प्रवाह मालकाच्या अंगणापुरता नसतो. बदल करणाऱ्याने म्हणून दोन गोष्टी पत्करल्या पाहिजेत. आपण काय बदलले ते त्याने लपवू नये, आरटीओपासून नाही, विमा कंपनीपासून नाही आणि गाडी पुढे विकत घेणाऱ्यापासून तर नाहीच. आणि एक भाग बदलला की त्याचा भार जिथे जिथे पोहोचतो, तिथपर्यंत स्वतः जाऊन तपासावे. ज्याने हे केले, त्याला त्याची गाडी तीच आहे का असे कोणी विचारले, तर त्याने निःशंकपणे होय म्हणावे, मग तिच्यात मूळचे एकही पान उरलेले नसले तरी. ज्याने हे केले नाही, त्याच्या गाडीचा प्रत्येक बोल्ट कारखान्यातला असला, तरी ती गाडी तीच आहे असे म्हणण्याचा अधिकार त्याने गमावलेला असतो.