उलांडीचा आधार

जुन्या होडीला शीड लावावें कीं लावूं नये हा सुताराचा प्रश्न आहे, तत्त्वचिंतकाचा नव्हे, असें कोणीही म्हणेल. 2022 च्या दिवाळीपर्यंत माझेंही मत तेंच होतें. त्या दिवाळींत माझ्या मावसबंधूंनीं आपल्या कैलासवासी वडिलांची होडी शिडाची करण्याचें मनावर घेतलें, आणि त्यावरून कर्लीच्या खाडीकाठच्या त्यांच्या घरांत जो वाद सुरू झाला, तो लांकडावरून हळूहळू माणसांवर येऊन ठेपला.

होडी आंब्याच्या एकाच खोडांतून कोरलेली. लांबी 16 फूट, रुंदी जेमतेम अडीच. काकांनीं ती जन्मभर वल्ह्यानें चालविली. वल्हें होडीला नुसतें पुढें ढकलतें. शीड तिला पुढें नेतें खरें, पण त्याबरोबरच कुशीवर पाडूंही पाहतें. तेव्हां शीड म्हटलें कीं मागोमाग पुष्कळ गोष्टी येतात. डोलकाठीचा पाय रोवावयास तळाशीं जाड ठोकळा हवा. तिला कवेंत धरणारी भक्कम आडवी फळी हवी. वाऱ्यानें होडी बाजूला घसरत जाऊं नये म्हणून कुशीला पाण्यांत सोडावयाची दुसरी फळी हवी. आणि या सर्वांहून अगत्याची उलांडी हवी. होडीपासून चार-सहा फुटांवर तरंगणारा हलक्या लांकडाचा लांबट ओंडका, आणि त्याला होडीशीं जोडणारे दोन वासे, एवढेंच तिचें रूप. पण तिच्यांत तरफेचें सारें शास्त्र सांठविलेलें आहे. 15 किलोंचा ओंडका होडीच्या मध्यापासून 6 फुटांवर असला, तर 60 किलोंच्या माणसानें दीड फुटावर सरकून बसण्याइतका तो तोल सांभाळतो. आणि माणसाप्रमाणें डुलक्या घेत नाहीं.

कोकणच्या किनाऱ्यावर उलांडी कोणास नवी नाहीं. मात्र ती एकाच बाजूला असते. बंधूंनीं फिलिपिन्समधील बांगका नांवाच्या होड्यांचीं चित्रें पाहिलीं होतीं, त्यांत ती दोहों बाजूंस असते. म्हणून आपल्या होडीलाही दोन हव्यात असा त्यांचा आग्रह. वासे लोखंडी बोल्टांनीं आवळावे असेंही त्यांच्या मनांत होतें, परंतु कामावर घेतलेल्या वृद्ध नाखव्यानें तें मोडून काढलें. जुन्या लांकडाला भोंक पाडलें कीं तेथूनच तें चिरतें, आणि घट्ट सांध्यावर लाटेचा सगळा धक्का एका जागीं बसतो. काथ्याच्या दोरीचें बांधकाम थोडें देतें, थोडें घेतें, म्हणून टिकतें. शेवटीं दोरीच वापरली.

मी या प्रकरणाच्या विरुद्ध होतों, हें आधींच कबूल करतों. अथेन्सच्या लोकांनीं थीसियसच्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हां ती तीच नौका राहिली कीं नाहीं, असा जुना वाद प्लुटार्कानें नोंदविला आहे. माझा आक्षेप त्याच्या उलट होता. येथें लांकूड तेंच, एक ढलपीसुद्धां बदललेली नाहीं. पण स्वभाव बदलला. जी होडी जन्मभर आपल्या तोलावर उभी राहिली, तिला उतारवयांत दोन कुबड्या द्यावयाच्या आणि वर तिच्याकडून धांवण्याची अपेक्षा करावयाची, हा परधर्म नव्हे काय? बंधू हंसून म्हणाले, “दादा, तुमचा चष्मा काढून ठेवा आणि मग हेंच वाक्य वाचून दाखवा.”

त्या उत्तरानें मला राग आला, पण विचारही करावा लागला. कॅप्टन व्हॉस या खलाशानें 1901 सालीं कॅनडाच्या व्हँकूवर बेटावर तेथील मूळ रहिवाशांची एक जुनी होडी विकत घेतली. तीही एकाच खोडाची, तांबड्या सीडर वृक्षाची. त्यानें तिच्या कडा उंचावल्या, तीन डोलकाठ्या चढविल्या आणि तिचें नांव ‘टिलिकम’ ठेवलें. त्या किनाऱ्यावरच्या व्यापारी बोलींत या शब्दाचा अर्थ आप्त, मित्र असा होतो. एक सोबती पॅसिफिक महासागरांत गमावून, तीन महासागर ओलांडून, 1904 च्या सप्टेंबरांत तो इंग्लंडांत मार्गेट येथें पोहोंचला. या होडीला उलांडी नव्हती. मग ती स्वतःच्या तोलावर उभी होती, असें म्हणावें काय? मुळींच नाहीं. तिच्या तळाला कणा आणि शिसें जोडलेलें होतें, पोटांत भार भरलेला होता. आधार होताच, तो पाण्याखालीं असल्यामुळें कोणाला दिसत नव्हता, इतकेंच. शीड उभारणारी प्रत्येक नौका कोठें ना कोठें टेकलेलीच असते. आपण ज्यांना स्वावलंबी म्हणून नांवाजतों, त्यांच्या बुडाशीं वडिलोपार्जित शिसें किती आहे, हें कोण पाहतो? तेव्हां कुबडीचा माझा आक्षेप मीं मागें घेतला.

परंतु नाखव्याचा आक्षेप निराळा होता. काम पुरें झाल्यावर त्यानें होडी दोन्ही हातांनीं हलवून पाहिली. ती जागची हलली नाहीं. तो म्हणाला, “मास्तरानू, ही आता सहज पडूची नाय. पण पडतली तेव्हा सांगूची पण नाय.”

याचा अर्थ जानेवारींत कळला. त्या ऋतूंत आमच्याकडे दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. आम्ही तिघे शीड सोडून खाडींत निघालों होतों. होडी अशी स्थिर कीं बंधूंनीं मधोमध बसून चहा ओतला. उघडी होडी अशा वाऱ्यांत डगमगली असती, माणसांनीं अंग सांवरलें असतें, शीड सैल केलें असतें. आम्हांला तसें कांहींच करावेंसें वाटलें नाहीं. वाऱ्याचा जोर वाढत गेला तसतसा खालच्या बाजूचा ओंडका पाण्यांत दबत गेला, आणि आम्ही वेग वाढला म्हणून आनंद मानीत होतों. एका झोतासरशीं तो पुरता बुडाला. बुडालेल्या ओंडक्याला पाणी मागें ओढतें. होडी त्याच्याभोंवतीं गर्रकन फिरली, पुढचा वासा कडकन मोडला आणि पाणी आंत आलें. सुदैवानें ओहोटी होती. छातीइतक्या पाण्यांतून चालत आम्ही कांठ गांठला. चहाचा पेला मात्र बंधूंच्या हातांत तसाच होता, याचें मला अजून हंसूं येतें.

मायक्रोनेशियाच्या बेटांवरील नाविक एकच उलांडी ठेवतात आणि ती नेहमीं वाऱ्याच्या बाजूला धरतात; दिशा बदलावयाची तर शीडच होडीच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे नेतात. वाऱ्याचा जोर झाला कीं ओंडका पाण्यावरून उचलला जातो, आणि माणसाला आयतीच सूचना मिळते. आमच्या कोकणी होडींत निदान अर्ध्या वेळीं, म्हणजे उलांडी वाऱ्याकडे असतांना, ही सोय राहते. दोन्हीकडे ओंडके बांधून आम्ही भय घालविलें, आणि भयाबरोबर त्याचा निरोप्याही हांकलून दिला.

या सर्वांत खरा प्रश्न बंधूंच्या मुलाचा होता. तो बारा वर्षांचा आहे आणि त्याला होडी शिकावयाची आहे. वासा दुरुस्त झाल्यावर बंधू म्हणाले, त्यानें उलांडीसहितच शिकावें. डगमगीचा अनुभव घेण्यासाठीं पोटच्या पोराला पाण्यांत लोटावें काय? वहिनींचेंही तेंच म्हणणें. यावर नाखवा कांहीं बोलला नाहीं, आणि मला बोलण्याचा अधिकार नव्हता. माझीं मुलें कधीं पाण्यांत उतरलीं नाहींत, आणि मीं त्यांना शिकवण्या, शिफारशी, ओळखीपाळखी यांचे किती ओंडके दोन्ही बाजूंस बांधून दिले हें माझें मला ठाऊक आहे. थोरला पस्तिसाव्या वर्षीं नोकरी सुटल्यावर सहा महिने घराबाहेर पडला नाहीं. त्याला पोहतां येत नव्हतें असें नाहीं. डगमगतें म्हणजे काय होतें, हेंच त्याला माहीत नव्हतें. हें मीं त्या रात्रीं बंधूंना सांगितलें. घरांत तें पूर्वीं कोणाला सांगितलें नव्हतें.

दुसरे दिवशीं सकाळीं ओहोटीला नाखवा आला. बंधूंनीं स्वतः उकिडवें बसून दोन्हीकडच्या काथ्याच्या गांठी सोडल्या. त्याला बराच वेळ लागला, कारण दोरी भिजून आवळली होती. शीड उतरविलें, डोलकाठी काढून माडाला टेकविली. मुलगा वल्हें घेऊन एकटा होडींत बसला, आणि ती लागलीच एका अंगाला कलली. वहिनी साडीचा ओंचा खोंचून गुडघाभर पाण्यांत उभ्या होत्या. त्यांनीं हात पुढें केला, आणि नाखव्यानें त्यांच्याकडे पाहिल्यावर तो तसाच पाण्यावर धरून ठेवला.