पद आणि पदवी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी राजोडीच्या किनाऱ्यावरून, सुरूच्या झाडांखालून घरी परतत होतो. वाटेत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील भेटले. भाजीची वाडी असलेला माणूस. हवापाण्याचे बोलणे झाल्यावर त्यांनी एकदम विचारले, "सर, आमची पोरगी पुण्याला जायचं म्हणते. गाणं आणि नाटक शिकायला. त्याचीसुद्धा डिग्री असते म्हणे. खरं का हे?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"मग ती डिग्री घेऊन माणूस होतो काय?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. ते पाहून ते म्हणाले, "तुम्ही विचार करून सांगा. तुम्ही सांगाल तसं करू." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. त्यांच्या डोक्यावरचे ओझे माझ्या डोक्यावर आले.

वाचकहो, मी केवळ मॅट्रिक. ज्याला पदवी मिळाली नाही, त्याची पदवीकडे पाहण्याची दृष्टी सहसा शुद्ध नसते. एक तर तो तिला नाके मुरडतो, नाही तर देव्हाऱ्यात बसवतो. मी दोन्ही केले आहे. म्हणून सल्ला देण्याआधी स्वतःलाच थोडे तपासून पाहावे, असे वाटले.

आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास पहिल्या दृष्टीला माझ्या नाक मुरडण्याच्या बाजूचा आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणले, तेव्हा कोणत्या नटाजवळ कसले प्रमाणपत्र होते? पुढे नाटकमंडळ्या हीच विद्यापीठे झाली. कोवळ्या वयाची मुले मंडळीत दाखल होत. तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे, तालमी ऐकत ऐकत मोठे व्हायचे. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेला नारायण राजहंस बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत झाला. त्याला भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभला. परीक्षक होते समोरचे प्रेक्षक, आणि गुणपत्रिका म्हणजे 'वन्स मोअर'. असे असता वर्गात हजेरी देऊन आणि पेपर सोडवून कोणी गंधर्व होईल काय?

होणार नाही. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न लपलेला आहे. त्या मंडळ्यांच्या दारातून आत जाता येत होते कोणाला?

माझ्या विद्यार्थिनीला तर नक्कीच आले नसते. घरंदाज मुलीने तोंडाला रंग लावणे हे त्या काळी पाप होते, आणि म्हणूनच शकुंतलेची नि भामिनीची लुगडी पुरुष नेसत होते. ज्योत्स्नाबाई भोळे 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकात उभ्या राहिल्या, ही केवढी नवलाई मानली गेली! म्हणजे 'शाकुंतला'नंतर अर्धशतक उलटून गेले होते. घराण्यांची दारेही काही उघडी नव्हती. गुरूच्या मनात आले तर विद्या, नाही तर विन्मुख परत. 1967 साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचा सारा पेच हाच आहे. तहानलेल्या शिष्याला विद्या चोरून ऐकावी लागते. नाटकात ते पाहताना डोळे भरून येतात. पण शिक्षक म्हणून मी विचारतो की, शिकण्यासाठी मुलाला चोर व्हावे लागावे, ही गोष्ट आपण अभिमानाने का सांगतो?

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा त्यांनी ही कुलुपे मोडायला आरंभ केला. त्याच वाटेवर पुढे पुणे विद्यापीठात 1987 पासून ललित कला केंद्र उभे राहिले, तिथे संगीत, नृत्य, नाट्य यांची पदवी मिळू लागली. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी 2003 सालची. परदेशात तर गाणे, नाच आणि अभिनय एकत्र शिकवून संगीत नाटकाची पदवी देणारी विद्यापीठे आहेत. अशा ठिकाणी प्रवेशाच्या वेळी तुझे घराणे कोणते, असे कोणी विचारत नाही. अर्ज भरा, गाऊन दाखवा, बोलून दाखवा. भाजीवाल्याची मुलगी आणि गवयाची मुलगी एकाच रांगेत. पदवीचा कागद गळ्यात सूर घालत नसेल, पण दारात उभे राहण्याचा हक्क तो देतो. ज्यांना तो हक्क जन्मानेच मिळाला, त्यांना त्याची किंमत कळत नाही.

येथवर विचार आला आणि मला हायसे वाटले. 'खुशाल पाठवा' असे सांगून मोकळे व्हावे! पण वडिलांचा मूळ प्रश्न तसाच राहिला होता. डिग्री घेऊन माणूस होतो काय? म्हणजेच, खातो काय?

इथे मला काही वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याने नाट्यपद म्हटले की मागच्या बाकांवरची टारगट पोरेही गप्प होत. त्यालाही गाणेच शिकायचे होते. मी त्याला सांगितले, "आधी नोकरी, मग गाणं." त्याने ऐकले. आज तो विरारहून लोकलने नोकरीला जातो, पगार चांगला आहे. मध्यंतरी स्टेशनवर भेटला, भर गर्दीत वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमच्यामुळे मार्गी लागलो." मी गाण्याचे विचारले. तो हसला. "ते कधीच सुटलं, सर." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरे वाटले असते.

तो सल्ला मी त्याच्या हितासाठी दिला, असे इतकी वर्षे समजत होतो. आता वाटते, तो माझ्या सुरक्षिततेसाठी होता. 'नोकरी धर' म्हणणाऱ्याला जगात कोणी दोष देत नाही. आणि याच्या उलट 'झेप घे' म्हणणाऱ्यालाही टाळ्याच मिळतात. झेप फसली तर हाडे दुसऱ्याची मोडतात. सावध सल्ला असो की धाडसी, त्याची किंमत देणाऱ्याला पडत नाही, हेच सल्ल्याचे मूळ पाप आहे.

राहिली हमीची गोष्ट. बालगंधर्वांहून मोठा गळा कोणाचा? पण त्यांचीही मंडळी कर्जात बुडाली, आणि उत्तरायुष्य विपन्नावस्थेत गेले. 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. ही कथा आपण निष्ठेचा आदर्श म्हणून सांगतो. मीही वर्गात सांगितली आहे. आता सांगताना जीभ अडखळते. ज्या कलेने एवढे घेतले, तिने त्यांनाही निश्चिंत म्हातारपण दिले नाही. मग जी हमी अलौकिक गुणाला मिळाली नाही, ती एका कागदाने द्यावी असे आपण का म्हणतो? शेतीत हमी नाही, मुलांच्या संसाराची हमी नाही. तिथे आपण विचारतो ते एवढेच, की हे काम हा माणूस मनापासून करील का?

याचे उत्तर मात्र मला देता येण्यासारखे होते. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसून सांगितले ते इतकेच. तिचा सूर सच्चा आहे, पण वरच्या पट्टीत गळा अजून कच्चा आहे. शब्द स्वच्छ आहेत. नाटकाच्या तालमीला भर पावसात ती एक दिवस चुकली नाही, आणि एकच ओळ वीस वेळा म्हणायला लावली तरी तिचे तोंड वाकडे झाले नाही. ती मोठी नटी होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते सांगितले.

मुलगी दाराआड उभी होती. वरच्या पट्टीचे ऐकून तिचा चेहरा उतरला. पण ती आत गेली नाही.

मग मी दुसरी गोष्ट बोललो. एका कादंबरीचे थोडे पैसे मजकडे आले होते. पहिल्या सहामाहीचा तिच्या राहण्याजेवणाचा खर्च त्यातून व्हावा, असे सुचवले. हे दान नव्हते. माझ्या सल्ल्यात माझेही काही गुंतलेले असावे, एवढाच हेतू होता. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उसने म्हणून घेईन, सर. आणि नापास झाली तर?"

"तर आपल्या दोघांचे बुडतील," मी म्हणालो.

ते पहिल्यांदाच हसले.

जूनमध्ये ती गेली. या दिवाळीला घरी येणार आहे. आल्यावर शाळेच्या मुलांकडून एखादे पद बसवून घे, असे मी तिला कळवले आहे. वरची पट्टी किती पक्की झाली, तेही त्या निमित्ताने ऐकायला मिळेल.